विमानतळ ते फोर्ट, मध्ये सिद्धिविनायक

हाटकेश, मीरा रोड
शनिवार, पूजा आटोपून

ती. वन्सं यांना,

मनोरमाचा, पेन खाली ठेवून आणि दोन्ही हात जोडून, नमस्कार.

काल दुपारी इंदूरहून कुरिअरने जे आलं ते असं. आमचाच स्टीलचा डबा एक, झाकणावर तुमच्या बंधूंचं नाव कोरलेलं. आत लवंगेची शेव, पाऊण किलोला किंचित कमी (डब्यासकट वजन केलं, डब्याचं वजन मला पाठ आहे). शेवेच्या वर प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली शंभराची नोट एक. पत्र नाही, चिठ्ठी नाही, निरोप नाही. पाकिटावर कुरिअरचा खर्च रुपये एकशे चाळीस, तो पाठवणाऱ्यांनी भरलेला. म्हणजे शंभर रुपये पोचवायला कुणी एकशे चाळीस खर्च केले. वहीत जमेला धरावं की खर्चाला, हे मला काल रात्रीपासून सुचत नाही, आणि ते तुमच्याशिवाय कुणी सांगू शकेल असंही वाटत नाही, कारण पुराणिक मंडळींना आमच्यात फक्त तुम्हीच ओळखता.

आधी तुमची चौकशी करायची ती राहिलीच. गुडघे कसे आहेत? मागे तिळाचं तेल लिहून पाठवलं होतं ते लावता, की बाटली खिडकीत शोभेला आहे? भाऊजींचा खोकला गेला का? देवासला उन्हाळा कडक असतो, दुपारी मंदिरात अनवाणी जाऊ नका, देव संध्याकाळीही तिथेच असतो. इकडे तुमचे बंधू मजेत आहेत (ते नेहमीच असतात, तोच तर त्रास आहे). इशिता ऑफिसला जाते, येते, जेवते. फोनवर हे सगळं सांगितलं असतं, पण दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोलणं म्हणजे सोसायटीच्या फळ्यावर लिहिण्यासारखं. म्हणून पत्र.

पुराणिकांचं स्थळ तुम्हीच सुचवलंत. अथर्व आणि इशिता दोनदा भेटले, एकमेकांना आवडले. राहिलं होतं ते एवढंच, की मुलाच्या आईवडिलांनी येऊन आम्हाला बघायचं. तर वन्सं, ते तेवढं मी दाखवलं. सोळा दिवस झाले, तिकडून हो नाही, ना नाही. अथर्व इशिताला म्हणतो, आई काही पत्ता लागू देत नाही, विचारलं की नुसती हसते. इशिता मला काही बोलत नाही. नुसतं "आई, चहा घेतेस?" असं विचारते, आणि ज्या मुलीने सव्वीस वर्षांत कधी चहा विचारला नाही तिने विचारला की मी आधी तिच्या कपाळाला हात लावून ताप बघते. पोरीचं ठरता ठरता मोडलं तर ते पत्रिकेमुळे नव्हे, मंगळामुळे नव्हे, माझ्यामुळे मोडलं असं होईल. म्हणून काय घडलं ते पहिल्यापासून लिहिते, काही लपवत नाही. वाचून तुम्हीच सांगा.

पुराणिकांची फोर्टात कसलीशी बैठक होती आणि हॉटेलही त्यांच्याच संस्थेने ठरवलेलं होतं. हॉटेल शुभचंद्र. (आमच्याकडे उतरा म्हणून मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा ते "नको, तुम्हाला त्रास" म्हणाले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की लगेच चौथ्यांदा म्हटलं.) दुसऱ्या दिवशी ते आमच्या घरी येणार होते. मग मी म्हटलं, निदान विमानतळावरून हॉटेलपर्यंत आणायला तरी मी येते. तुमचे बंधू म्हणाले, "ते टॅक्सी करतील, तू काय पालखी घेऊन जाणार?" पण माणसं आपल्या दारात येत नसतील तर आपण त्यांच्या वाटेत जाऊन उभं राहावं, अशी आपल्याकडची रीत आहे. आणि खरं सांगायचं तर विमानतळापासून फोर्टापर्यंत टॅक्सीला जे हजारावर मोजतात ते मला पाहवत नाही, मग ते दुसऱ्याचे का असेनात. आता विमानतळाच्या पायथ्यापासून जमिनीखालून मेट्रो थेट फोर्टात जाते, माणशी सत्तरच्या आत. हे मी शोधून काढलं आणि त्याचा मला गर्व झाला. पुढचं सगळं त्या गर्वाचं आहे.

मी आधीच्या मंगळवारी जाऊन तालीमही करून आले. हाटकेशहून दहिसर चेकनाक्यापर्यंत शेअर रिक्षा, तिथून एकामागून एक तीन मेट्रो, की विमानतळ. तिथून फोर्ट, आणि तसंच परत. जाताना खाणाखुणा म्हणून वाटेतली देवळं कॅलेंडरच्या मागे लिहून घेत होते, मला रस्ते देवळांवरून लक्षात राहतात. पण शेवटची मेट्रो जमिनीखालून. तिथे ना कळस, ना पिंपळ. नुसता अंधार आणि त्यात आपलंच तोंड. मग स्टेशनांची नावं वाचत बसले, तर मध्ये चक्क सिद्धिविनायक. मी तिथल्या तिथे बोलून बसले, की बाप्पा, व्याह्यांना घेऊन येईन तेव्हा आधी तुझ्या पायाशी, मग हॉटेलात. (नवस बोलताना सामानाचा विचार करावा, हे मला आता कळलं आहे.)

आता पुठ्ठ्याचं. बाहेर येणाऱ्यांना दिसावं म्हणून तिथे हातात नावाचा पुठ्ठा धरतात. मी मिठाईच्या खोक्याचं झाकण घेतलं, इशिताचा मार्कर घेतला आणि अडले. होणाऱ्या व्याह्यांचं नाव पुठ्ठ्यावर लिहून चारचौघांत धरायचं? चोराला पकडल्यावर फोटोत देतात तसं? वडीलधाऱ्यांचं नाव आपण तोंडाने घेत नाही, ते खोक्याच्या झाकणावर, मागे काजूकतलीचा भाव छापलेला असताना? माझा हात होईना. बरं, नुसतं "व्याही" लिहिलं तर अजून ठरलेलं नाही, उतावीळ दिसलं असतं. मग मी बरंच डोकं चालवून, कुणाचाही मान न जाता काम होईल असं लिहिलं. हॉटेल शुभचंद्र, फोर्ट. आणि कोपऱ्यात बारीक श्री.

तुम्ही म्हणाल, चेहरे पाहिले नव्हते का? व्हिडिओ कॉल झाला होता. त्यात विहीणबाईंचा छताचा पंखा आणि निम्मं कपाळ एवढं मला दिसलं. व्याहीबुवांचा कान दिसला. माझं त्यांना काय दिसलं ते तुमच्या बंधूंनी नंतर सांगितलं, फक्त देवघर.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मी विमानतळाबाहेर हजर. पिशवीत डबा, डब्यात बेसनाचे लाडू अकरा, रुमालात भाकरीचा तुकडा, आणि फोन बंद करून पर्सच्या तळाशी (गरज लागेल तेव्हा चार्ज असावा म्हणून). इंदूरचं विमान उतरलं, माणसं बाहेर यायला लागली. एक जोडपं आलं, साठीचं, स्वच्छ, चाकांच्या दोन मोठ्या बॅगा. पुठ्ठ्याकडे बघून गृहस्थ म्हणाले, "शुभचंद्र? लेकिन हमने तो किसी को बुलाया नहीं था." मी म्हटलं, बोलावं कशाला लागतं, आपल्या माणसांना घ्यायला यायलाच हवं. हिंदीत बोलले याचं मला काही वाटलं नाही. इंदूरची माणसं, म्हटलं, तोंडात हिंदीच बसलेली असणार. नाव मी विचारलं नाही. व्याह्यांना कुणी नाव विचारतं का?

मग मी भाकरतुकडा काढला आणि दोघांवरून तीनदा ओवाळला. बाईंनी हात जोडले. गृहस्थांनी मोबाइल काढून माझा फोटो घेतला. आणि तुकडा टाकायला बघते तर वन्सं, तिथे कोपराच नाही. सगळीकडे आरसा. जमिनीत माझाच चेहरा. एक बंदूकवाला माझ्या हाताकडे बघत उभा. एरवी उंबऱ्याबाहेर भिरकावतो तसा मी तो भिरकावला असता तर आज हे पत्र दुसरीकडून लिहीत असते. म्हणून तो परत रुमालात बांधून पर्समध्ये टाकला. म्हणजे लोकांची काढलेली दृष्ट मी दिवसभर खांद्याला लावून हिंडले. वाईट काय व्हायचं ते माझंच झालं, यात मला तरी नवल वाटत नाही.

सरकत्या जिन्याला मी भिते हे तुम्हाला माहीत आहे. पण पाहुण्यांपुढे कसं सांगणार, म्हणून "बॅगा जड आहेत" असं म्हणून मी त्यांना प्रत्येक ठिकाणी लिफ्ट शोधायला लावलं. गाडीत बसल्यावर मी लाडवांचा डबा बाईंच्या हातात दिला आणि मन घट्ट केलं. बाप्पाला शब्द दिला होता की या स्थळापासून काही लपवणार नाही. तेव्हा सगळं सांगून टाकलं. इशिता सकाळी आठच्या आधी उठत नाही. पोळी करते, पण तिचा नकाशा होतो. राग नाकावर आहे, पण दहा मिनिटांत उतरतो आणि मग स्वतःच येऊन गळ्यात पडते. मागचं एक स्थळ मोडलं ते त्यांनी फ्लॅट मागितला म्हणून, आणि नाही म्हणून सांगायला ती स्वतः गेली होती. बाई मन लावून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "और लड़का कैसा है?"

वन्सं, पोटच्या मुलाबद्दल मला विचारतात. मला वाटलं, परीक्षा घेतायत. मग मी अथर्वचं जे काही साठवलेलं होतं ते सगळं काढलं. पहिल्यांदा आमच्याकडे आला तेव्हा चप्पल सरळ काढून ठेवली. ताटात काही टाकलं नाही. तुमचे बंधू तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगायला लागले तर पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. इशिताला ताप होता तेव्हा रोज तिला नाही, मला फोन करून विचारायचा, कारण ती खरं सांगत नाही. म्हटलं, असा मुलगा ज्या आईने वाढवला तिच्या हाताखाली माझी पोर गेली तर मी सुखाने डोळे मिटीन. बोलता बोलता माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. बाईंच्याही आलं. त्यांनी माझा हात धरला. मला वाटलं, जमलं.

सिद्धिविनायकला उतरलो. तिकीट तिथे संपलं, पुढे नवं काढावं लागणार होतं, ते हिशोबात धरलंच नव्हतं. वर आलो, ऊन हे एवढं, आणि त्या मोठ्या बॅगा घेऊन देवळात कसं जाणार? मग मी म्हटलं, तुम्ही दोघं जा, मी बॅगांपाशी थांबते. ते रांगेत गेले, मी हारवाल्याच्या सावलीत दोन बॅगांना धरून उभी राहिले आणि दुरूनच कळसाला हात जोडले. सव्वा तासाने ते आले, कपाळाला शेंदूर, चेहरे कसे उजळलेले. म्हणजे नवस माझा आणि दर्शन तिवारींना.

हो, तिवारी. ते मला फोर्टात कळलं. हुतात्मा चौकाला आम्ही चुकीच्या तोंडाने बाहेर आलो आणि पाच मिनिटांवरच्या हॉटेलात अर्ध्या तासाने पोचलो. काउंटरवरच्या मुलीने नाव विचारलं. गृहस्थ म्हणाले, "जितेंद्र तिवारी." मी म्हटलं, अहो, असं काय करता. तेवढ्यात सोफ्यावरून एक गृहस्थ उठले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "आपण मनोरमाताई का? मी पुराणिक." शेजारी पोपटी साडीतल्या बाई चहा घेत होत्या. तिसरा कप होता.

ते पावणेबारापासून तिथे बसले होते. टॅक्सीने आले. माझा फोन बंद, तुमच्या बंधूंचा फोन चालू पण ते झोपलेले. आणि वन्सं, कहर हा की विमानतळावर ते माझ्या समोरून गेले होते. विहीणबाई म्हणाल्या, "आम्ही पाहिलं ना तुम्हाला. तुम्ही त्यांच्यावरून भाकरी ओवाळत होता. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, हॉटेलची पद्धत किती घरगुती आहे."

मला वाटलं जमीन फाटावी, पण तिच्याखाली मेट्रो आहे हे आठवलं. तेवढ्यात तिवारीबाई येऊन विहीणबाईंच्या शेजारी बसल्या. विमानात त्यांच्या खुर्च्या शेजारीशेजारी होत्या म्हणे. बसल्या आणि सुरू झाल्या. ये दीदी कितनी अच्छी हैं, दर्शन करवाया, खुद धूप में खड़ी रहीं. इनकी बेटी की शादी की बात चल रही है. बेटी अच्छी है, बस सुबह उठती नहीं. रोटी गोल नहीं बनती. गुस्सा करती है, पर उतर जाता है. मी मध्ये खोकले, मी मध्ये "चहा घ्या" म्हटलं, पण जी बाई तोंडपाठ झालेलं म्हणते तिला कोण थांबवणार? मी सांगितलेलं सगळं त्यांनी एकही गोष्ट न गाळता सांगितलं, अथर्वच्या चपलेपर्यंत. विहीणबाई कपाकडे बघत ऐकत होत्या.

मग तिवारी माझ्यापुढे आले, "बहनजी, हॉटेल वालों से आपकी तारीफ करेंगे," म्हणाले आणि माझ्या हातावर शंभराची नोट ठेवली. आता इथे मी काय केलं ते लिहायलाही लाज वाटते. हातावर कुणी काही ठेवलं की ते कपाळाला लावायची मला सवय. प्रसाद असो, तीर्थ असो. मी ती बक्षिसीची नोट दोन्ही हातांनी कपाळाला लावली. होणाऱ्या विहिणीसमोर. हॉटेलच्या मॅनेजरसमोर, ज्याने मला त्यानंतर हळूच विचारलं, "ताई, तुम्ही कुठल्या एजन्सीच्या?"

तिवारीबाईंनी लाडवांचा डबा माझ्या हातात परत दिला होता, अकराचे सात राहिले होते. त्या गोंधळात मी नोट झाकणावर ठेवली आणि तशीच डब्यासकट विहीणबाईंच्या हातात कोंबली, "घ्या, हे तुमच्यासाठीच होते" असं म्हणत. त्यांनी पदर तोंडाला लावला. हसल्या की शिंकल्या ते मला कळलं नाही. "डबा पाठवते," एवढंच म्हणाल्या. मी परत आले. दुसऱ्या दिवशी फोन आला की बैठक लांबली, घरी यायला जमत नाही, परस्पर विमानतळावर जातो. सकाळपासून भिजवलेल्या साबुदाण्याची खिचडी आम्ही तिघांनी दोन दिवस खाल्ली. तुमचे बंधू म्हणाले, "टॅक्सीचे किती वाचले?" तालमीचं भाडं, जास्तीची तिकिटं, लिंबूसरबत आणि चार लाडू धरून मी वजा केलं. वाचलेले रुपये अठ्ठावीस. ते मी मारुतीच्या पेटीत टाकले, घरात ठेवायची इच्छा होईना.

आणि आता हा डबा. रिकामा पाठवला असता तर समजले असते की संपलं. रिकामा डबा परत करत नाहीत, एवढ्यासाठी भरला असेल तर तो नुसता शिष्टाचार. पण ती नोट? मला तर एकच अर्थ दिसतो, की बाई, तुमची बक्षिसी तुमच्यापाशी ठेवा. काल रात्री इशिताने नोट पाहिली आणि आत गेली. मग बाहेर येऊन म्हणाली, "आई, चहा घेतेस?"

तेव्हा वन्सं, तुम्ही त्या माणसांना वीस वर्षं ओळखता. विहीणबाई टोमणा मारणाऱ्यांतल्या आहेत की थट्टा करणाऱ्यांतल्या? टोमणा असेल तर मी स्वतः इंदूरला येऊन पाय धरीन (गाडीने, स्लीपरने). इशितात खोट काढू नका, माझ्यात हवी तेवढी काढा, हे त्यांना तुमच्या तोंडून जाऊ दे. तोवर त्या शेवेला मी हात लावणार नाही. उत्तर कळल्याशिवाय त्यांचं मीठ खाणं बरं नाही.

भाऊजींना नमस्कार. गुडघ्यांना तेल.

तुमची,
मनोरमा

ता. क. पाकीट चिकटवायला भाताची शितं आणायला उठले तेवढ्यात तुमचे बंधू स्वयंपाकघरातून "अगं, यात कागद आहे" म्हणाले. मी हे पत्र लिहीत होते तेवढ्या वेळात त्यांनी चहाबरोबर डबा तळापर्यंत नेला होता. मीठ वगैरे त्यांना लागू नसतं. तळाला तेलकट कागदाची पुडी, पुडीत हळदकुंकू लावलेला एक रुपया, आणि कागदावर अक्षर असं :

"मनोरमाताई, शंभर ही बक्षिसी होते, तिच्यात एक घातला की शगुन होतो, म्हणून हा एक वेगळा. तुमच्यासारखी बाई डबा रिकामा करून घासल्याशिवाय ठेवणार नाही, तेव्हा हा सापडेलच. मुलीचे दोष कुठल्याच आईने मला सांगितले नव्हते, आणि माझ्या मुलाने चप्पल सरळ ठेवली हे मलाही माहीत नव्हतं, घरी कधी ठेवत नाही. लाडू सातच मिळाले. अक्षय्य तृतीयेला आम्ही अकरा जण येतो. या वेळी भाकरी आमच्यावरून ओवाळा."

एकशे एक देवापुढे ठेवले आहेत. इशिता आतल्या खोलीत फोनवर आहे. दार लावलंय, पण दोन खोल्यांचं घर आहे. हसतेय.

ता. क. दुसरा. वरचं सगळं तुम्ही वाचलंच नाही असं समजा, आणि विहीणबाईंजवळ यातलं अवाक्षर काढू नका, विशेषतः अठ्ठावीस रुपयांचं.

ता. क. तिसरा, आणि खरं काम हेच. इशिता फोन ठेवून सांगते, ते अकराही जण या वेळी खाडीपलीकडच्या नव्या विमानतळावर उतरणार आणि हौसेने त्याच हॉटेलात राहणार. तुमच्या बंधूंनी मला न विचारता दोन मोठ्या गाड्या ठरवल्या आहेत. मी चौकशी केली, तिथून एक बस, एक गाडी आणि थोडं चालणं, एवढंच आहे. वाटेत देवीचं एक देऊळही आहे. मी येत्या मंगळवारी तालीम करून येतेच आहे. तुमचे बंधू तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाहीत, तेव्हा गाड्या रद्द करायला त्यांना तुम्ही लिहा. आणि या खेपेला पुठ्ठ्यावर नुसतं "श्री. पुराणिक" लिहिलं तर मानाला कमी पडेल का, की वर "राजमान्य राजेश्री" आणि खाली "आणि मंडळी" असं सगळं घ्यावं, म्हणजे त्या मानाने मोठं खोकं बघायला बरं, हे उलट टपाली कळवावं.